गुरुवारचे सण

आमच्या घरात सण गुरुवारी येत. पंचांगात ते कुठल्याही वारी असोत, आमच्या घरी मात्र त्यांना गुरुवारपर्यंत थांबावं लागे, कारण आमच्या मिलची सुट्टी गुरुवारी असायची. सुरतेत सगळ्या कारखान्यांना एका दिवशी सुट्टी नसे. कुणाचा सोमवार, कुणाचा शुक्रवार, आमचा गुरुवार. सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी एका डाइंग, म्हणजे कापड रंगवण्याच्या, मिलमध्ये मी लॅबमध्ये होतो. पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, दिलेल्या कापडाच्या तुकड्याशी शेड जुळवायची, रंगाचं प्रमाण काढायचं आणि कापडाचा लॉट रंगून मशीनमधून बाहेर येईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचं, हे माझं काम. आमच्या सात पिढ्यांत पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी रसायनशास्त्राची, त्यामुळे ह्या कामाचा मला फार अभिमान होता. मिलचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मानत असे, आणि ते दिवसातून एकदा तरी निर्मलाला, म्हणजे माझ्या बायकोला, ऐकवत असे. ती दहावी पास होती. ऐकून घ्यायची आणि पोळी उलटायची.

ह्या पुस्तकात मी माझ्या वाढीबद्दल लिहीत आलो आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की हे प्रकरण चुकून इथे आलं, कारण ह्यात मी तेहतीस वर्षांचा आहे आणि दोन मुलांचा बाप आहे. पण खरं सांगायचं तर मी वयात आलो तो त्याच वर्षी. त्याआधी मी फक्त पास होत गेलो होतो.

सुरतेत गोडादऱ्याला आमच्या दोन खोल्या होत्या, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकाचे पॉवरलूम चालत. दिवसरात्र तो खटखटाट पायाखालून यायचा, आणि आमच्या मुलांना त्याची इतकी सवय झाली होती की वीज गेली आणि खाली शांत झालं की दोघंही झोपेतून दचकून उठत. मोठी वर्षा, तिसरीत; धाकटा पंकज, साडेचार वर्षांचा. घरमालकीण कांतामासी शेजारच्याच भागात राहायच्या. त्यांच्याकडून उत्तरायणाला उंधियूची वाटी यायची, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चंदी पडव्याला, घारी यायची, आणि बदल्यात आमच्याकडून कळण्याची भाकरी आणि ठेचा जायचा, जो खाऊन मासी डोळे पुसत "बहु सरस, बहु सरस" म्हणायच्या. मुलं घरात मराठी बोलायची, गल्लीत गुजराती, आणि भांडणं हिंदीत करायची. माझी आणि निर्मलाची भाषा अहिराणी. पण ती मी घरात फार बोलू देत नसे, कारण शिकलेल्या माणसाने मुलांशी शुद्ध बोलावं असं मला वाटे. आज माझी नातवंडं अहिराणीची गाणी मोबाइलवर ऐकून मला अर्थ विचारतात.

तर एका हिवाळ्यात वर्षाने शाळेत 'माझा आवडता सण' हा निबंध लिहिला. वही माझ्या हाती आली ती कव्हर घालायला म्हणून. तिने लिहिलं होतं: "आमच्या घरी सण नसतो. सणाच्या दिवशी पप्पा मिलमध्ये असतात. घरी असले तर झोपतात. मला कांतामासीकडचा सण आवडतो. तिथे सगळे जागे असतात." खाली बाईंनी दहापैकी आठ गुण दिले होते आणि लाल शाईने 'छान' असं लिहिलं होतं. मी ते 'छान' बराच वेळ बघत बसलो. निर्मलाला दाखवलं. ती म्हणाली, "शुद्धलेखनाची एक चूक नाही बघा."

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर 'आपल्या घराचे सण' असं ठळक लिहून खाली दुहेरी रेघ मारली. माझ्या लहानपणी गावात सण कुणी ठरवत नसे. ते यायचे. माय पहाटे सारवायला घ्यायची, आबा बैल धुवायला न्यायचे, दुपारी खापरावरचे मांडे मिळायचे, आणि हे सगळं कशासाठी असं विचारलं तर "करतात" एवढंच उत्तर मिळायचं. मला ते अपुरं वाटे. मी शिकलो होतो. सणाला कारण हवं, क्रम हवा, वेळ हवी. आणि समारंभ म्हणून मी आयुष्यात नीट पाहिलेला एकच प्रकार होता, तो म्हणजे आमच्या तालुक्याच्या शाळेतलं स्नेहसंमेलन. दहावीत असताना त्यात मला आभारप्रदर्शन करायला मिळालं होतं, आणि हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. त्यामुळे मी आमच्या घरच्या सणांची जी घडी बसवली ती अशी: दीपप्रज्वलन आणि स्वागत (पंकज), प्रास्ताविक आणि सणाचे शास्त्रीय महत्त्व (मी), नैवेद्य (निर्मला), आभारप्रदर्शन (वर्षा), मग जेवण. सण कुठलाही असला तरी क्रम हाच. आणि वार, अर्थात, गुरुवार.

निर्मलाने वही वाचली. "लग्नाआधी सांगितलं असतं तर आपला मुहूर्तही गुरुवारचाच काढला असता," ती म्हणाली. मी तिला समजावलं की तारीख महत्त्वाची नसते, कुटुंब एकत्र बसणं महत्त्वाचं. "बरं," ती म्हणाली. तिचं 'बरं' मी त्या काळात होकार म्हणून घेत असे.

पहिला सण संक्रांतीचा. अख्खी सुरत दोन दिवस गच्चीवर होती, आणि मी दोन्ही दिवस लॅबमध्ये एक मोरपंखी शेड जुळवत होतो. मग गुरुवारी सकाळी मी मुलांना घेऊन गच्चीवर गेलो. तिळात स्निग्धता असते आणि गूळ उष्ण असतो, हे मी तिथे उभ्या उभ्या सांगितलं. पतंग उडवला. आभाळ पूर्ण रिकामं होतं. तारांवर आणि झाडांवर फाटके पतंग लटकत होते, आणि त्यांच्या वर आमचा एकटाच पतंग इतका निर्धास्त चालला होता की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हात थांबवून बघत राहिली. पंकजने फिरकी धरली होती. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "पप्पा, कापायला कोणीच नाही." मी त्याला सांगितलं की स्पर्धेपेक्षा आनंद महत्त्वाचा. तो आनंदात नव्हता, पण त्याने फिरकी सोडली नाही.

होळी धुळवडीनंतर चौथ्या दिवशी झाली. मी मिलमधले नव्हे, दुकानातलेच रंग आणले होते, हे मुद्दाम सांगतो. आम्ही चौघं रंगून खाली उतरलो तेव्हा कांतामासींनी दारातूनच विचारलं, "हजी पत्युं नथी?" म्हणजे अजून संपली नाही का. मी त्यांना माझी योजना समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि निर्मलाकडे पाहिलं. निर्मला नळाकडे बघत होती.

मुलांनी मात्र हे सगळं फार मनावर घेतलं. मला त्याचं आश्चर्य वाटे आणि अभिमानही. पंकज उठून उभा राहायचा, हात मागे बांधायचा आणि "आजच्या सणाचे मी स्वागत करतो" म्हणून खाली बसायचा. वर्षाला आभारप्रदर्शन तर इतकं आवडलं की ती दोन दिवस आधीपासून यादी करायची. तिने दूधवाल्याचे आभार मानले, पाण्याच्या मोटारीचे मानले, आणि होळीला "ज्यांनी आपल्यावर रंग टाकला नाही त्या गल्लीतील सर्वांचे" आभार मानले. दोघंही कधी कंटाळले नाहीत, कधी हट्ट केला नाही, आणि तिळगूळ, पुरणपोळी जे वाढलं ते शहाण्यासारखं थोडंसंच खाल्लं. मला वाटलं, संस्कार रुजताहेत.

आता आखाजीबद्दल लिहितो, कारण बाकी सगळं मी तिथे पोहोचण्यासाठीच लिहिलं. अक्षय तृतीयेला आम्ही खानदेशातले लोक आखाजी म्हणतो. आमच्याकडे तो दिवाळीच्या तोडीचा सण. त्या दिवशी घरोघर पितरांसाठी मातीची घागर पाण्याने भरून मांडतात, तिच्यावर आंबा नाहीतर खरबूज ठेवतात, नैवेद्य दाखवतात. गेलेली माणसं त्या दिवशी जेवायला येतात आणि उन्हातून आलेली असल्याने आधी पाणी पितात. आबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या पहिल्या आखाजीला मी गावी गेलो होतो. घागर माझ्या मोठ्या भावाने, नानाने, भरली. ते रीतीप्रमाणेच होतं. मी मागे उभा होतो.

आबा गेले तेव्हाही पाणी नानानेच पाजलं होतं. मी पोहोचलो तेव्हा लोक परत येऊन दारात हातपाय धूत होते. निरोप मला उशिरा मिळाला, असं मी तेव्हा सांगितलं. खरं असं होतं की ऑफिसातून चिठ्ठी माझ्या हातात दुपारी साडेबारालाच आली होती: वडील सीरियस आहेत, लगेच निघा. त्या वेळी मशीनमध्ये एक मोठा लॉट होता, शेड माझी होती, आमचे डाइंग मास्तर रजेवर होते. मी म्हटलं, लॉट बाहेर येऊ दे. तो सहाला बाहेर आला. शेड तंतोतंत जुळली होती. मालकांनी दुसऱ्या आठवड्यात माझं नाव घेऊन कौतुक केलं, आणि मी त्यांचे आभार मानले. हे मी निर्मलाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे वहीत आखाजीचं पान मी सगळ्यात आधी भरून ठेवलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. मुलांसाठी घरात सण सुरू करायचे होते हे खरंच. पण मला माझ्या घरात, माझ्या हाताने, आबांना एकदा पाणी द्यायचं होतं, आणि मायने ते मान्य करावं असं वाटत होतं. तिने नाही म्हटलं असतं तर त्या पाण्याला काही अर्थ नव्हता.

मी अंतर्देशीय पत्र टाकलं, की ह्या वर्षी आखाजी आमच्याकडेही करणार आहे, मायने यावं. उत्तर नानाचं आलं. त्याने लिहिलं होतं, "आबा जिवंतपणी कधी सुरतेला आले नाहीत. आता एकट्याला रस्ता कसा सापडेल? तरी मायला विचारतो." मी ते पत्र दोनदा वाचलं. त्यात टोमणा आहे की खरी शंका, हे मला आजही कळलेलं नाही.

आखाजी त्या वर्षी मंगळवारी होती. माय आली बुधवारी संध्याकाळी, पॅसेंजरने, डोक्यावर सांजोऱ्यांचा डबा घेऊन. सुरतेला ती पहिल्यांदाच येत होती. जिना चढून आली, पाणी प्यायली, खालचा खटखटाट ऐकून तिने पाय वर घेतले आणि मांडी घालून बसली. मी म्हटलं, "माय, बरं झालं आज आलीस. उद्या आखाजी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आखाजी ते मंगयवारेच व्हयी गयी."

"आपल्याकडे उद्या आहे. उद्या गुरुवार."

"तुना बाप मंगयवारे पोटभर जेवी गया," माय म्हणाली. "आते तू कोणले बलावस?"

मी तिला समजावायला सुरुवात केली, की तारीख महत्त्वाची नसते. ती म्हणाली, "त्या काय तुनी मिलमां कामले शेतस? गुरवारे सुट्टी भेटाले?" म्हणजे ते काय तुझ्या मिलमध्ये कामाला आहेत. निर्मला आत काहीतरी चाळत होती, ते चाळणं थांबलं. पंकज हसला आणि वर्षाने त्याला चिमटा काढला. माय डबा उघडून मुलांना सांजोऱ्या वाटू लागली. पण तिने हो म्हटलं नव्हतं, आणि ती रात्र मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर काढली.

गुरुवारी सकाळी मी लिंबायतच्या बाजारातून आणून ठेवलेलं माटलं, म्हणजे माठ, काढलं. घागर आणताना मी विचार केला होता. उघड्या तोंडाच्या भांड्यात हात घालून पाणी काढणं आरोग्याला बरं नाही, म्हणून मी नळी बसवलेलं, पांढऱ्या नक्षीचं, स्टीलच्या तोटीचं माटलं घेतलं होतं. ते पाटावर मांडलं, वर केशर आंबा ठेवला. आंबा घरंगळू लागला तेव्हा त्याच्याखाली वाटी ठेवली. माय भिंतीला टेकून बसली होती, पाहुणीसारखी. पंकजने स्वागत केलं: "आजच्या सणाचे आणि आजोबांचे मी स्वागत करतो." मग मी प्रास्ताविकाला उभा राहिलो. मातीच्या भांड्याला अगदी बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं, हे सांगितलं. म्हणून आपल्या पूर्वजांनी उन्हाळ्यात घागरीची पूजा सुरू केली असावी, असंही सांगितलं.

माय पुढे सरकली. तिने डोळे बारीक करून माटल्याला हात लावला. "याले तोटी शे का?"

"हो. म्हणजे स्वच्छ राहतं."

"तुना बापले काय तोटीनं पानी पाजस?" ती म्हणाली. रागावून नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तो वाकी कसा? त्याना गुडघा दुखेत."

तोटी किती उंचावर आहे ते दाखवायला मी स्वतःच वाकलो. आणि तेवढ्यात पंकज म्हणाला, "आजी, मम्मीची घागर बिनतोटीची आहे."

"पंक्या," वर्षा म्हणाली.

"कुठली घागर?" मी विचारलं.

मग निर्मला उठली, आतल्या खोलीत गेली, आणि पिठाच्या डब्यामागच्या कोपऱ्यावरचा पडदा बाजूला केला. तिथे विटेवर एक लहानशी लाल घागर होती, साधी, आपल्याकडची असते तशी. गळ्यात दोरा, बाजूला उदबत्तीची राख, वर खरबुजाची सुकायला आलेली फोड. "मंगळवारी मांडली," ती म्हणाली. "दिवस कसा चुकवायचा? तुम्ही पहिल्या पाळीला गेलात, मग आम्ही केली."

"आम्ही म्हणजे?"

वर्षाने सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवण्याचा तिला बहुधा कंटाळा आला होता. संक्रांतही झाली होती, संक्रांतीच्याच दिवशी, कांतामासींच्या गच्चीवर, आणि पंकजने तीन पतंग कापले होते. होळीही होळीलाच झाली होती. पाडवाही. मुलं प्रत्येक सण दोनदा करत होती: एकदा खरा, आणि एकदा माझा. म्हणून ती गुरुवारी थोडंसंच जेवत. आदल्या सणाचं अजून पोटात असे. "मम्मी म्हणाली, पप्पांना वाईट वाटेल, सांगायचं नाही," वर्षा म्हणाली. "आणि गुरुवारचा पण छान असतो पप्पा. त्यात बोलायला मिळतं."

मी त्या घागरीकडे बघत राहिलो. आबा मंगळवारी माझ्या घरी येऊन पाणी पिऊन गेले होते, आणि मी सचिनला होतो. त्या वेळी कुठली शेड चालू होती तेही मला आठवलं, गुलबक्षी. म्हणजे मी परत उशिराच पोहोचलो होतो. हे मनात आलं आणि मी तिथेच, घागरीसमोर, खाली बसलो. मुलांना वाटलं प्रास्ताविक संपलं.

माय उठून माझ्या शेजारी येऊन बसली. मुलांना तिने नजरेनेच बाहेर पाठवलं. निर्मला दारात उभी होती, ती तिथेच राहिली. मग माय नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चिठ्ठी तुले दुपारेच भेटनी व्हती ना?"

मी मान वर केली नाही. "हो."

"माले माहीत शे. नानानी तीन वाजता परत फोन करा व्हता. मिलवाला बोलना, तो काममां शे."

दीड वर्ष तिला माहीत होतं. पहिल्या आखाजीला मी मागे उभा होतो तेव्हा माहीत होतं, नानालाही माहीत होतं, आणि पत्रात रस्त्याबद्दल लिहितानाही. मी काहीतरी बोलायला लागलो, मशीन, मास्तर रजेवर, असलंच काहीतरी. मायने ते ऐकलं नाही. ती घागरीत वाकून बघत होती. मंगळवारी काठोकाठ भरलेल्या घागरीतलं पाणी चांगलं चार बोटं खाली गेलं होतं. दोन दिवस, मे महिना, नवी माती. पाणी पाझरून उडून जाणारच. पाच मिनिटांपूर्वी मी हेच उभं राहून शिकवलं होतं.

"देख," माय म्हणाली, "कितलं पिधं. तान लागेल व्हती त्याले." किती प्यायला बघ, तहान लागली होती त्याला. मग तिने माझ्याकडे तांब्या सरकवला. "आते तू भर. हायूहायू टाक."

मी हळूहळू ओतलं. थोडं पाणी विटेवर सांडलं, आणि माय म्हणाली सांडू दे. घागर काठापर्यंत भरली तशी तिने माझ्या हातावर हात ठेवून तांब्या थांबवला. एवढंच झालं. ना मंत्र, ना कारण. नंतर कितीतरी दिवस मी ठरवायचा प्रयत्न करत होतो की तिने मला माफ केलं की नुसतं काम सांगितलं. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे, आणि मला वाटतं तिच्या लेखी ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

मग आम्ही जेवायला बसलो. पुरणपोळी, आमरस, रशी, कुरडया. माय एका आठवड्यातली दुसरी आखाजी जेवली आणि रशीत मीठ कमी आहे म्हणाली. तोटीचं माटलं पाटावरच होतं. जेवताना पंकजने त्यातून सगळ्यांना पाणी दिलं, आणि मायलाही दिलं. ती दोन पेले प्यायली. "जिता मानूसले चांगलं शे," म्हणाली. जिवंत माणसाला बरं आहे.

जेवण झालं आणि माय आडवी होणार तेवढ्यात वर्षा उभी राहिली. आभारप्रदर्शन राहिलं होतं. मी म्हटलं, राहू दे आज. ती म्हणाली, वहीत आहे. तिने हात मागे बांधले. "आजच्या सणाला आजोबा आले. ते मंगळवारी नानाकाकांकडे जेवले, मग आपल्याकडे जेवले, आणि आज परत आले. त्यांनी सुरत पाहिली नव्हती तरी आले. त्यांचे मी आभार मानते. आजी पॅसेंजरच्या गर्दीतून आली, तिचे आभार मानते. आणि आपला अमूल्य वेळ काढून आज इथे उपस्थित राहिलेले आपले पप्पा, यांचे मी सर्वांच्या वतीने मनःपूर्वक आभार मानते."

हे वाक्य मीच तिला शिकवलं होतं. आमच्या शाळेत ते आमदारांसाठी वापरत. मायला त्यातलं फार काही कळलं नसावं, पण तिने मान डोलावली. निर्मला ताटं उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती हसत होती की काय करत होती, मी बघायला गेलो नाही.

ती वही त्यानंतर मी काढली नाही. सण आपापल्या वारी होऊ लागले, आणि त्यातल्या बऱ्याच वारी मी मिलमध्येच असे. एका माणसासाठी पंचांग थांबत नाही तशी मिलही थांबत नव्हती. पण पुढच्या वर्षी आखाजीच्या आठवडाभर आधी मी रजेचा अर्ज लिहिला. इतक्या वर्षांत मी आजारपणाशिवाय रजा मागितली नव्हती. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ह्याचा मी दोन दिवस विचार केला. धार्मिक कार्य असं लिहिता आलं असतं, सगळे तेच लिहीत. मी लिहिलं, 'वडील जेवायला येणार आहेत.'

आमचे मॅनेजर सुरतीच होते, वयस्कर, चांगले गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि लॉटची यादी बघितली. त्या दिवशी मोठा लॉट होता, शेड माझीच होती. "रात्रे जमशे ने," ते म्हणाले. रात्री जेवतील की.

"नाही साहेब," मी म्हटलं. "दुपारी येतात. उन्हात येतात. मला तिथे असायला पाहिजे."

त्यांनी पेन उचललं. सही करता करता, मान खालीच ठेवून, त्यांनी सहज चौकशी केली. "बापुजी हजु छे?" म्हणजे वडील अजून आहेत का.

"छे," मी त्यांच्याच भाषेत म्हणालो.